चौकोनात दडलेले शब्द

दिवाळी अंक हाती आला की काही वाचक अनुक्रमणिका चाळतात, काही वार्षिक राशिभविष्य उघडतात आणि काही थेट शेवटच्या पानांकडे वळून शब्दकोडे गाठतात. या तिसऱ्या वर्गाकडे विद्वान मंडळी थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा किवेने पाहतात. कोडी सोडवणे हा रिकामपणाचा उद्योग, असा आपल्याकडे एक समज आहे. इतिहासाची पाने उलटली तर मात्र या उद्योगात राजे, कवी, शास्त्री आणि शाळामास्तर असे सगळेच गुंतलेले दिसतात.

अक्षरांचा एक चौकोन मांडायचा, त्यात शब्द दडवायचे आणि दुसऱ्याने ते हुडकून काढायचे, या खेळाचा हा मागोवा आहे. मुलांच्या पुरवणीतला हा खेळ आता मोबाइलवर रोज एक नवा विषय घेऊन येतो आणि कॉलेजात जाणारी मुले सकाळच्या चहाबरोबर तो सोडवतात. तो सोडवण्याच्या युक्त्या मी पुढे सांगणारच आहे. पण एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे. चौकोनात डोळ्यांना तोच शब्द दिसतो, जो मनात आधीपासून वस्तीला असतो. दोन भाषांच्या शेजारात संसार करणाऱ्या आपल्यासारख्या घरांना या साध्या गोष्टीचा अर्थ जरा जास्तच जवळून लागतो.

दगडावरचे आणि रेशमावरचे चौकोन

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधली एक शिळा आहे. पासेर नावाच्या माणसाची ही शिळा इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातली. तिच्यावर मुत देवीचे स्तोत्र कोरले आहे. उभ्याआडव्या रेघा आखून एकेका घरात एकेक चिन्ह बसवले आहे. आडव्या ओळी वाचल्या तर एक स्तोत्र होते, उभ्या वाचल्या तर दुसरे. म्हणजे आपल्या वर्तमानपत्री कोड्यासारखा दिसणारा चौकोन तीन हजार वर्षांपूर्वी देवीच्या सेवेत रुजू झाला होता.

रोमन लोकांचा एक चौकोन तर फारच प्रसिद्ध आहे. साटोर, अरेपो, टेनेट, ओपेरा, रोटास असे पाच लॅटिन शब्द एकाखाली एक लिहायचे. प्रत्येकात पाच अक्षरे. हा चौकोन डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, कसाही वाचा, तेच पाच शब्द हाती येतात. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननात तो सापडला, तेव्हा त्याचे वय त्याहून कमी नाही हे उघड आहे. पुढे युरोपात लोकांनी तो दारांवर, भिंतींवर, ताइतांवर कोरला. चारी दिशांनी सारखाच राहणाऱ्या गोष्टीत काहीतरी दैवी सामर्थ्य असणार, अशी माणसाची भाबडी श्रद्धा.

चीनमध्ये चौथ्या शतकात सू हुई नावाची कवयित्री होऊन गेली. परंपरा अशी सांगते की, तिचा नवरा दूरच्या प्रांतात नेमणुकीवर गेला आणि तिथे दुसऱ्या स्त्रीत रमला. सू हुईने रेशमी वस्त्रावर रंगीत धाग्यांनी एकोणतीस ओळी आणि एकोणतीस स्तंभांचा अक्षरचौकोन विणून त्याच्याकडे पाठवला. ८४१ अक्षरांच्या या चौकोनात कुठूनही शिरावे, कोणत्याही दिशेने चालावे, कविता सापडत जातात. त्यांची संख्या हजारांत मोजतात. या वस्त्राने नवऱ्याचे मन पालटले, असे ती कथा म्हणते. इथे एक लक्षात घ्यावे. सू हुईने शब्दांची यादी सोबत दिली नव्हती. वाचणाऱ्याच्या मनात जेवढी कविता होती, तेवढीच त्याला त्या वस्त्रात सापडत होती.

आपल्या घरचा वारसा

आता आपल्याकडे वळू. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कोडी आहेत, प्रतिमाला म्हणजे आपली अंत्याक्षरी आहे, उच्चारायला कठीण शब्दांचा दुर्वाचकयोग आहे आणि अक्षरांची गुप्त खूण जाणणारे अक्षरमुष्टिकाकथनही आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचा उपयोगही सांगून टाकला. मित्रांच्या बैठकीत करमणूक व्हावी, भरल्या सभेत आपल्या माणसाशी गुपचूप बोलता यावे आणि समोरच्याला बुचकळ्यात टाकता यावे.

या कोड्यांत दोन भेद मानतात. उत्तर श्लोकाच्या बाहेर शोधावे लागते ती बहिर्लापिका आणि उत्तर श्लोकाच्याच अक्षरांत दडलेले असते ती अंतर्लापिका. आजचे शब्दशोधाचे कोडे म्हणजे अंतर्लापिकेचीच पणती म्हणायची. उत्तर डोळ्यांसमोर असते आणि तरीही दिसत नाही.

चित्रकाव्य लिहिणाऱ्या कवींनी तर अक्षरांचे पट मांडले. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात सर्वतोभद्र नावाचा बंध आहे. चौसष्ट घरांच्या पटावर तो मांडला की आडवा, उभा, सुलटा, उलटा कसाही वाचला तरी श्लोक तोच राहतो. भारवीचे नाव आपल्या परिसराला परके नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळे येथे मेगुती मंदिरावर इसवी सन ६३४ चा रविकीर्तीचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचे वर्णन करताना रविकीर्तीने आपली बरोबरी कालिदास आणि भारवी यांच्याशी केली आहे.

नवव्या शतकात रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दिला. बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने अक्षरे वाचत गेले तरी सरळ वाचनाचाच श्लोक मिळतो. पुढे वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त त्यावर कडी केली. तिथे एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की पुढचा श्लोक तयार होतो. अक्षरे सरळ रेषेत वाचण्याचे सोडून वाकड्या वाटेने वाचायची ही कल्पना लक्षात ठेवावी. आजच्या मोबाइलवरच्या कोड्याशी तिचे नाते पुढे येणार आहे.

आपल्याला अधिक जवळचा पुरावा कल्याणीचा आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. जिथे कानडी, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात, तेच हे गाव. या ग्रंथात राजाने खेळायच्या वीस क्रीडा सांगितल्या आहेत. त्यांत बुद्धिबळ आहे, फासे आहेत, कवड्या आहेत आणि प्रहेलिकाही आहेत. कानडी मुलखातल्या राजाने संस्कृतात लिहिलेल्या या ग्रंथात मराठी गीतांचे नमुने मिळतात, हे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. तीन भाषा आणि कोडी, दोन्ही एकाच दरबारात सुखाने नांदत होती.

मराठीत ही हौस पुरेपूर भागवली ती मोरोपंतांनी. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेल्या आणि बारामतीस स्थायिक झालेल्या या पंडिताने रामकथा शंभराहून अधिक वेळा वेगवेगळ्या बंधनांत लिहिली. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरेच येऊ दिली नाहीत. ‘राम’ या नावातच ‘म’ आहे, तेव्हा नायकाचे नावही न घेता रामायण सांगायचे! मंत्ररामायणात त्यांनी तेरा अक्षरांचा राममंत्र रचनेत गोवला. वाचणारा कथा वाचतो आणि शोधणाऱ्याला आत मंत्र सापडतो.

हे सारे पंडितांचे झाले. पंडित नसलेल्यांकडे कूट होते, उखाणे होते, हुमाण होते. गोमंतकात आजही कोड्याला हुमाण म्हणतात. कानडीत कोड्याला ओगटु म्हणतात आणि वर्तमानपत्री शब्दकोड्याला पदबंध. चित्रकाव्यातला ‘बंध’ कानडी वृत्तपत्रांनी असा जपून ठेवला.

वर्तमानपत्राच्या पानावर

आधुनिक शब्दकोड्याची जन्मतारीख पक्की आहे. २१ डिसेंबर १९१३. न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलहून आलेल्या पत्रकाराने शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे छापले. १९२४ मध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेला या खेळाचे वेडच लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने या वेडावर सडकून टीका केली. वेळेचा हा पापच म्हणावा असा नाश आहे, असा तिचा सूर होता. पुढे १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली. युद्धाच्या बातम्यांनी शिणलेल्या वाचकाला थोडा विसावा हवा, हे संपादकांना पटले आणि १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्याच न्यूयॉर्क टाइम्सने कोडे छापायला सुरुवात केली. ज्याला नाकारले त्याचेच पान आज त्या वृत्तपत्राची शान आहे.

पण हे झाले सूचनेवरून शब्द आठवून रिकाम्या घरांत भरण्याचे कोडे. अक्षरे आधीच भरलेली आणि त्यांतून शब्द शोधायचे, हा प्रकार वेगळा. इंग्रजीतला त्याचा पहिला ज्ञात नमुना १ मार्च १९६८ चा आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन नावाचे गाव आहे. तिथल्या दुकानांत फुकट वाटल्या जाणाऱ्या, छोट्या जाहिरातींच्या सेलेंबी डायजेस्ट या पत्रात नॉर्मन गिबट यांनी तो छापला. आपल्याच राज्यातल्या गावांची नावे त्यांनी अक्षरांत दडवली होती. ही गोष्ट मला विशेष वाटते ती पुढच्या घटनेमुळे. गावातल्या शिक्षकांनी वर्गात वापरण्यासाठी त्या कोड्याच्या प्रती मागितल्या. त्यांतल्या एकाने त्या दूरदूरच्या स्नेह्यांना टपालाने पाठवल्या आणि तिथून हे कोडे अनेक वृत्तपत्रांत पोचले. जाहिरातींच्या चोपड्यातला खेळ शाळामास्तरांनी देशभर नेला!

स्पेनमध्ये या खेळाचे जनकत्व पेद्रो ओकोन दे ओरो या कोडेकाराला देतात. तिकडे त्याला ‘सोपा दे लेत्रास’ म्हणतात. आपल्याकडे सोपा म्हणजे अवघड नसलेला, नाहीतर जुन्या घराची पुढची पडवी. स्पॅनिशमध्ये सोपा म्हणजे सूप. अक्षरांचे सूप, असा त्या नावाचा अर्थ. हे सूप लक्षात असू द्यावे. पुढे ते पुन्हा वाढून येणार आहे.

१९७२ साली ‘बॉगल’ नावाचा खेळ बाजारात आला. सोळा फासे हलवून चार बाय चारच्या पटावर बसवायचे आणि तीन मिनिटांत शेजारशेजारच्या अक्षरांवरून वळणे घेत शब्द शोधायचे. सरळ रेषेचे बंधन सुटले आणि रुद्रटाच्या घोड्यासारखी वाकडी वाट खुली झाली.

या सगळ्यांचा संगम म्हणजे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सुरू केलेले ‘स्ट्रँड्स’. सहा स्तंभ आणि आठ ओळी, एकूण अठ्ठेचाळीस अक्षरे. रोज एक विषय, आणि तोही थेट न सांगता आडवळणाच्या एका वाक्प्रयोगात सुचवलेला. शब्दांची यादी नाही. शब्द कुठेही वळू शकतो. प्रत्येक अक्षर एकदाच आणि नक्की वापरले जाते. एक सूत्रशब्द असा असतो की, तो साऱ्या विषयाचे वर्णन करतो आणि पटाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पोचतो. विषयाबाहेरचे, चार किंवा अधिक अक्षरांचे तीन शब्द सापडले की एक मदत मिळते. त्या मदतीत एका शब्दाची अक्षरे दाखवली जातात, क्रम मात्र आपणच लावायचा.

गिबट यांच्या कोड्यात यादी हाती असे, तेव्हा काम फक्त डोळ्यांचे होते. इथे यादीच नाही. त्यामुळे आधी मनाने शब्द आठवायचा आणि मग डोळ्याने तो शोधायचा. अंतर्लापिका पुन्हा अवतरली ती अशी.

शोधायचे कसे?

आता युक्त्या. पहिली युक्ती म्हणजे चौकोनाकडे पाहूच नका! आधी सूचना वाचा आणि डोळे मिटून त्या विषयातले पाचसहा शब्द मनात आणा. सूचना ‘पावसाळा’ असेल तर छत्री, चिखल, इरले, बेडूक असे शब्द आधी मनात येऊ द्या. मगच चौकोन उघडा. मनात शब्द घेऊन गेलेल्याला तो शब्द हाक मारतो. रिकाम्या मनाने गेलेल्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

दुसरी युक्ती कोपऱ्यांची. मधल्या घराला आठ शेजारी असतात, कडेच्या घराला पाच आणि कोपऱ्यातल्या घराला तीनच. जिथून वाटा कमी, तिथून शोध सोपा. प्रत्येक अक्षर वापरायचेच असेल तर कोपऱ्यातल्या अक्षराला त्या तिघांपैकी कुणाचा तरी हात धरावाच लागतो.

तिसरी, उरलेल्या अक्षरांची. एक शब्द सापडला की तेवढी घरे बाद होतात आणि बाकीची घरे आपोआप गटागटांत तुटतात. एखादे अक्षर एकटेच अडकून पडले तर समजावे की आपला मार्ग चुकला. शब्द बरोबर असेल, पण वाट दुसरी आहे.

चौथी, सूत्रशब्दाची. दोनतीन शब्द सापडले की थांबून स्वतःला विचारावे, या सगळ्यांना एका नावाने काय म्हणतात? ते नाव कडेपासून कडेपर्यंत पोचते का ते पाहावे. ते सापडले की पटाचे दोन भाग होतात आणि काम निम्मे होते.

पाचवी युक्ती अडल्या वेळेची. विषयाबाहेरचे शब्द दिसले तर ते टिपून मदत मिळवण्यात कमीपणा मानू नये. परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नावर डोके धरून बसण्यापेक्षा पुढचा प्रश्न सोडवून परत यावे, असे आम्ही मुलांना सांगतोच.

जुन्या पद्धतीचे, सरळ रेषेतले कोडे असेल तर एक कागदाची पट्टी घ्यावी आणि एकेक ओळ झाकत उतरावे. उभ्या शब्दांसाठी पान सरळ आडवे फिरवावे. शब्दातले सर्वांत दुर्मीळ अक्षर आधी शोधावे. आणि शब्द उलटाही असू शकतो हे विसरू नये.

मराठी चौकोनाचे नियम

मराठीत असा चौकोन मांडायचा तर पहिला प्रश्न पडतो तो घराचा. एका घरात काय बसवायचे? इंग्रजीत एक अक्षर, एक घर. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचे मोठे कुटुंब आहे. प्रत्येक खुणेला वेगळे घर दिले तर कुटुंबाची फाटाफूट होते. सर्वतोभद्र लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. एका घरात एक पूर्ण अक्षर, त्याच्या सगळ्या खुणांसकट. या हिशेबाने ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत मावते: स्वा, तं, त्र्य. ‘विद्यार्थी’ही तीन घरांत. आणि गंमत पाहा, महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोमंतक या तिघांनाही बरोबर चारचार घरे मिळतात. कानडी लिपीतही अक्षराची कल्पना हीच असल्यामुळे हाच नियम तिथे जसाच्या तसा चालतो.

उलटसुलट वाचनाचा आपला खेळही याच नियमावर उभा आहे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचून मुले टाळ्या पिटतात, ते पूर्ण अक्षर धरले तरच जमते. संस्कृत आलंकारिकांनी चित्रबंधात आणखी सवलती दिल्या होत्या. ब आणि व, ड आणि ल यांत भेद मानायचा नाही, अनुस्वार आणि विसर्ग कमीजास्त झाले तरी बंध बिघडला म्हणायचे नाही. शाळेत मी इतका उदार नसतो. ह्रस्वदीर्घाची सूट दिली तर मास्तरकी उरली कुठे?

मराठी चौकोनात शोधणाऱ्याला दोन अक्षरे फार मदत करतात, ती म्हणजे ळ आणि ण. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. ‘ण’चेही तसेच, आपल्या जैन बांधवांचा णमोकार मंत्र तेवढा सोडून. तेव्हा चौकोनात ळ किंवा ण दिसला की तिथून मागे चालत जावे. शब्दाचे तोंड मागे आहे. जोडाक्षरांचेही असेच. सौंदत्तीतला ‘त्ती’ किंवा संकेश्वरातला ‘श्व’ दिसला की शेजारची दोनतीन घरे पाहताच गाव सापडते.

सूप, मुसळ आणि वरवंटा

शनिवारी शेवटच्या तासाला आठवीच्या वर्गात मी फळ्यावर असे चौकोन मांडतो. त्यांतला एक इथे देतो. सूचना होती, ‘वीज येण्यापूर्वी’. सहा शब्द, आडवेतिडवे वळणारे, प्रत्येक घर एकदाच वापरायचे. चार अक्षरी शब्द डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जातो.

उ   ख   जा   ते
व   ळ   वं   पा
मु   र   टा   टा
स   ळ   सू   प

सूप सर्वांत आधी सापडले. कशाच्या आधारावर, असे विचारले तर एक मुलगा म्हणाला, “सर, टोमॅटोचं!” स्पेनचे सोपा असे आमच्या फळ्यावर उतरले. धान्य पाखडायचे सूप त्याने पाहिलेच नव्हते, तेव्हा त्याच दोन अक्षरांत त्याला दुसरी वस्तू दिसली. उखळ तिघांना सापडले. मुसळ डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पडले होते, ते बराच वेळ कुणालाच दिसेना. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण त्यांच्या पुस्तकात आहे. पण मुसळ म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे ती म्हणही नुसती पाठ होती.

‘वरवंटा’ एकाच मुलीला सापडला. तिच्या घरी आजी आहे आणि सणावाराला चटणी अजून पाट्यावर वाटतात. तिने शेवटचा ‘टा’ कोणता घ्यायचा हेही बरोबर ओळखले. ‘वं’ला लागून दोन ‘टा’ आहेत. उजव्या कडेला जो भिडतो तोच वरवंट्याचा, दुसरा पाट्याचा. तिची नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण होती असे नाही. शब्द तिच्या कानात होता.

मिक्सर आला तेव्हा वरवंटा गेला, याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. आपल्या आयांचे हात सुटले हे चांगलेच झाले. पण वस्तू गेली की तिच्या मागोमाग शब्द जातो आणि शब्दाच्या मागोमाग उखळ पांढरे होणे, मुसळ केरात जाणे, सुपातले आणि जात्यातले, असे सगळे गणगोत निघून जाते. मोठ्या शहरात हे घडते तेव्हा निदान आजूबाजूला मराठी ऐकू येत असते. आपल्या जिल्ह्यांत घराबाहेर पडले की दुकानाची पाटी एका भाषेत, अर्ज दुसऱ्या भाषेत आणि मुलाचे क्रमिक पुस्तक अनेकदा इंग्रजीत. इथे मराठी शब्द मिळण्याची जागा म्हणजे घर, थोडी शाळा आणि असे अंक. घरात जो शब्द उच्चारला गेला नाही, तो मुलाला दुसरीकडे कुठे सहसा भेटत नाही.

दुसऱ्या भाषेने आपली जागा घेतली, अशी तक्रार मात्र मी करणार नाही. एकदा एका चौकोनात ‘म’ आणि ‘ने’ शेजारी आले. वर्गाने ‘मने’ वाचले, मनाचे अनेकवचन. एका मुलाची आई कानडी बोलणारी. तो म्हणाला, “मने म्हणजे घर.” दोन्ही उत्तरे बरोबर होती. दोन भाषा येणाऱ्या मुलाला त्याच घरांत दुप्पट शब्द दिसतात. कल्याणीच्या सोमेश्वराला यात नवल वाटले नसते. अट एकच, दोन्ही भाषा त्याच्या मनात भरलेल्या हव्यात. एक भाषा अर्धीमुर्धी आणि दुसरीही अर्धीमुर्धी असेल, तर चौकोनात त्याला काहीच दिसायचे नाही.

म्हणून या दिवाळीत एक विनंती आहे. लक्ष्मीपूजनानंतर मुले फटाक्यांना पळण्याआधी आजीआजोबांना मध्ये बसवा आणि एक विषय घ्या. शेतीचा घेतलात तर नांगर, कुळव, पाभर, जू, शिवळ, मोट असे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप येतील. चौकटीच्या वहीचे पान घ्या. सर्वांत लांब शब्द आधी कडेपासून कडेपर्यंत बसवा, मग चारी कोपरे भरा, एकही घर एकटे पडू देऊ नका. घरात कानडी किंवा कोकणी बोलणारे कुणी असेल, तर दुसरा चौकोन त्यांच्या शब्दांचा करा. मुलांना अर्थ आधी सांगू नका. त्यांनी शब्द शोधल्यावर “हे काय असतं?” असे विचारले की आजीला बोलू द्या.

तोवर वाचकांसाठी हा एक चौकोन. सूचना, ‘आपल्याच जिल्ह्यात’. पाच गावे आहेत. एक चार अक्षरांचे आणि चार तीन अक्षरांची. चार अक्षरांचे गाव डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाते. प्रत्येक घर एकदाच वापरायचे आहे.

पा   णी   का   गो
नि   ळ   क   व
बे   थ   गा   डी
अ   णी   चि   को

पहिल्या ओळीत पाणी दिसेल आणि तिसऱ्या ओळीत गाडी. दोन्ही खरी, पण दोन्ही विषयाबाहेरची. कोपऱ्यापासून सुरुवात करावी.